जागा कोठे गेली? वाहनतळाचे गणित

ठाणे, डोंबिवली, कल्याण यांसारख्या गावांतून लाखो माणसे रोज सकाळी लोकलगाडीने मुंबईला कामाला जातात. त्यांतील पुष्कळांना घर ते स्टेशन हे अंतर दुचाकीने काटावे लागते. लोकल वेळेवर येते. पण स्टेशनाबाहेर दुचाकी लावायला जागा मिळत नाही. मग कोणी पदपथावर गाडी चढवतो, कोणी गल्लीबोळांत घिरट्या घालतो, तर कोणाची नेहमीची लोकल चुकते. ‘जागाच कमी आहे, दुसरे काय!’ असे म्हणून लोक विषय संपवतात.

आमच्या माहूरला रेल्वे नाही; आगगाडी पाहायची तर मुदखेड–आदिलाबाद मार्गावरील किनवट गाठावे लागते. तरीही हा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांना परका नाही. शारदीय नवरात्रात रेणुकामातेच्या दर्शनाला येणाऱ्या वाहनांची गर्दी त्यांनी पाहिलेली असते. दोन्ही ठिकाणी गर्दी आहे आणि जागा अपुरी आहे. मात्र ‘जागा कमी’ एवढ्यानेच उत्तर पुरे होते का? आज आपण हे साध्या अंकगणिताने तपासून पाहू.

स्टेशन एक, घरे अनेक

मुंबईहून पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. विजेवर चालणारी गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर सुरू झाली. गाड्या वाढल्या तशी स्टेशनांभोवती वस्ती वाढली आणि दूरदूर पसरली. ह्या पसरण्यात भूमितीची एक गंमत आहे.

समजा, स्टेशनापासून १ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात राहणारी माणसे पायी येतात. आता वस्ती ३ किलोमीटर त्रिज्येपर्यंत वाढली. वर्तुळाचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे तुम्ही शिकलाच आहात. त्रिज्या तिप्पट झाली म्हणजे क्षेत्रफळ नऊपट झाले. वस्ती सगळीकडे सारखीच दाट धरली, तर नऊ भागांपैकी एकच भाग माणसे चालत येण्याच्या अंतरावर राहिली. उरलेल्या आठ भागांना कसले तरी वाहन हवे. आणि ही सारी वाहने येणार कोठे? मध्यावरच्या त्या एकाच स्टेशनाबाहेर! तेथील मोकळी जागा काही नऊपट झालेली नसते. प्रश्नाचे मूळ येथे आहे.

हौद भरतो कसा?

हौदात नळाने पाणी येते आणि मोरीने जाते. आलेल्या पाण्यातून गेलेले पाणी वजा केले की हौदात किती पाणी वाढले ते कळते. वाहनतळालाही हाच नियम लागू पडतो. येणारी वाहने म्हणजे आवक, जाणारी वाहने म्हणजे जावक.

उदाहरणासाठी ६०० दुचाकी मावतील असा एक काल्पनिक वाहनतळ घेऊ. सकाळची आवक पुढीलप्रमाणे धरू :

६ ते ७ : ८० वाहने
७ ते ८ : २०० वाहने
८ ते ९ : ३२० वाहने
९ ते १० : २०० वाहने
१० ते ११ : ६० वाहने

एकूण ८६० वाहने झाली. सकाळी जावक जवळजवळ शून्य असते, कारण आलेला प्रत्येक जण लोकलने गेलेला असतो आणि तो संध्याकाळीच परतणार असतो. आता बेरीज करीत चला. ७ वाजता ८०, ८ वाजता २८० आणि ९ वाजता बरोबर ६००. हौद भरला! उरलेल्या २६० वाहनांना संध्याकाळी पाच वाजेपर्यंत जागा मिळण्याचा संभव नाही.

८ ते ९ या तासातील आवक एकसारखी धरली, तर ८ वाजून ४५ मिनिटांनी तळावर ५२० वाहने असतात आणि ८० जागा रिकाम्या असतात. त्या वेळी आलेला मनुष्य म्हणेल, ‘जागा तर पुष्कळ आहे!’ पंधराच मिनिटांनी आलेल्याला एकही जागा दिसणार नाही. दोघेही खरेच बोलत असतात. त्यांच्या अनुभवातील फरक जागेने पडलेला नाही, वेळेने पडलेला आहे.

वाहन-तास

‘एक काम १० मजूर ६ दिवसांत करतात’ अशी काळ-काम-वेगाची उदाहरणे सोडवताना आपण दहा सहा साठ असा गुणाकार करून कामाचे माप काढतो. तसेच माप येथे घेऊ. एक वाहन एक तास उभे राहिले, तर त्याने एक वाहन-तास वापरला असे म्हणू.

स्टेशनाच्या तळावर प्रत्येक दुचाकी साधारण १० तास मुक्काम करते असे धरा. म्हणजे एक दुचाकी १० वाहन-तास खाते. आता तेवढाच, ६०० दुचाकींचा तळ बाजारपेठेत आहे असे समजा. बाजाराला आलेला मनुष्य सरासरी ४० मिनिटे थांबतो. तेव्हा एका जागेवर तासाला दीड वाहन उभे राहू शकते आणि सबंध तळ तासाला ९०० वाहनांची सोय करू शकतो. स्टेशनाचा तळ तासाला किती वाहने सामावेल? ६०० भागिले १०, म्हणजे फक्त ६०! लांबी तीच, रुंदी तीच. पण उपयोगात पंधरापट फरक पडला.

बाजारातील तळ भरलेला दिसला, तरी थोडे थांबण्यात शहाणपण आहे. तासाला ९०० वाहने बाहेर पडतात, म्हणजे दर चार सेकंदांनी एक जागा मोकळी होते. स्टेशनाच्या तळावर सकाळी सव्वानऊला थांबण्यात काहीच अर्थ नाही, कारण पुढची जागा आठ तासांनी मोकळी होणार आहे. ‘वाहनतळ भरला आहे’ अशी पाटी फाटकावर लावून फारसे साधत नाही. ती अलीकडच्या चौकात लावली, तर येणारा तेथूनच दुसरी वाट धरील.

आता या विचाराला सूत्राचे रूप देऊ. समजा, ‘व’ तासांच्या पाहणीत ‘न’ वाहने आली व गेली आणि प्रत्येकाचा सरासरी मुक्काम ‘म’ तास होता. सर्वांनी मिळून न × म इतके वाहन-तास वापरले. दुसऱ्या बाजूने पाहा. रखवालदाराने वेळोवेळी मोजले असता तळावर सरासरी ‘स’ वाहने उभी आढळली. तेव्हा वाहन-तास झाले स × व. हिशेब एकाच गोष्टीचा असल्याने दोन्ही उत्तरे सारखी असली पाहिजेत.

स × व = न × म

दोन्ही बाजूंना ‘व’ने भागा. न ÷ व म्हणजे ताशी आवक. तिला ‘द’ म्हणू.

स = द × म

अर्थात, उभ्या वाहनांची सरासरी संख्या म्हणजे आवकेचा दर गुणिले सरासरी मुक्काम. हा संबंध रांगांच्या शास्त्रात ‘लिटलचा नियम’ म्हणून प्रसिद्ध आहे. जॉन लिटल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६१ साली त्याची व्यापक सिद्धता दिली. दवाखान्यातील रोगी, बँकेतील रांग, वाचनालयाबाहेर गेलेली पुस्तके या सर्वांना तो लागू पडतो.

मात्र सरासरी या शब्दापासून सावध राहा. आपल्या तळावर ६०० वाहने १० तास उभी राहिली, म्हणजे ६,००० वाहन-तास झाले. त्यांना २४ने भागले तर दिवसभराची सरासरी फक्त २५० येते. ‘तळ निम्म्याहून अधिक रिकामाच असतो’ असे कागदावर सिद्ध झाले! प्रत्यक्षात दिवसा पाय ठेवायला जागा नसते आणि रात्री सारा तळ ओस पडतो. सरासरी खोटी नाही, पण ती अडचणीची वेळ लपवते. योजना आखणाऱ्याने सरासरीबरोबर कमाल गर्दीचा आकडाही पाहिला पाहिजे.

टेलिफोनशी नाते

‘या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत’ हे वाक्य तुम्ही फोनवर ऐकले असेल. टेलिफोनच्या लाइन्स म्हणजे एक प्रकारचे वाहनतळच! प्रत्येक संभाषण एक लाइन अडवते आणि संपले की मोकळी करते. डेन्मार्कमधील कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे गणितज्ञ ए. के. एर्लांग यांनी या प्रश्नाचा अभ्यास करून १९०९ साली पहिला निबंध प्रसिद्ध केला. किती लाइन्स ठेवल्या असता किती जणांना नकार मिळेल, हे सांगणारे त्यांचे सूत्र १९१७ सालचे आहे. रांगांच्या शास्त्राचा पाया असा टेलिफोनच्या तारांवर घातला गेला. पुढे तेच गणित रस्ते, विमानतळ आणि संगणक यांच्या उपयोगी पडले.

शोधण्याची किंमत

तळ भरत आला की आणखी एक अडचण उभी राहते. रिकाम्या जागा इतस्ततः विखुरलेल्या आहेत असे धरा. निम्मा तळ भरला असेल, तर सरासरी दोन जागा पाहिल्यावर एक रिकामी सापडते. ८० टक्के भरला असेल, तर पाच जागा पाहाव्या लागतात. ९० टक्क्यांना दहा, ९५ टक्क्यांना वीस आणि ९९ टक्क्यांना शंभर! भरणा ८० वरून ९९ वर गेला, म्हणजे जेमतेम पाऊणपट आणखी वाढला असेही नाही, पाव भागानेच वाढला. शोध मात्र वीसपट वाढला.

हा शोध रस्त्यावरच चालतो. घिरट्या घालणारे प्रत्येक वाहन पेट्रोल जाळते, धूर सोडते आणि मागच्या बसला व रिक्षाला अडवते. म्हणजे ज्यांनी स्वतःचे वाहन आणलेले नाही, त्यांनाही उशीर होतो. डोनाल्ड शूप या अमेरिकन अभ्यासकाने २००५ साली वाहनतळांच्या अर्थशास्त्रावर एक मोठा ग्रंथ लिहिला. रस्त्याकडेच्या सुमारे १५ टक्के जागा नेहमी रिकाम्या राहतील असे शुल्क ठेवावे, अशी त्यांची सूचना होती. शोधाचे गणित पाहिल्यावर तिच्यामागचे कारण तुमच्या लक्षात येईल.

रेषा कशासाठी?

मोकळ्या मैदानात वाहनांसाठी पांढऱ्या रेषा आखण्याने खरोखर जागा वाढते का? हंगेरीचे गणितज्ञ आल्फ्रेड रेन्यी यांनी १९५८ साली नेमका हाच प्रश्न हाती घेतला. एका लांबच लांब रस्त्याच्या कडेला सारख्या लांबीच्या मोटारी एकामागून एक येतात. प्रत्येक जण जेथे मावेल तेथे, मनाला येईल तशी गाडी लावतो. शेवटी एकही गाडी मावेनाशी होते. त्या वेळी रस्त्याचा किती भाग व्यापलेला असतो? उत्तर आले सुमारे ७४.८ टक्के. ४ मीटर लांबीच्या मोटारी ४०० मीटर कडेला नीट खेटून लावल्या तर १०० मावतील. मनाला येईल तशा लावल्या तर सुमारे ७५. उरलेली जागा लहान लहान फटींत वाया जाते. (प्रत्यक्षात गाडी बाहेर काढायला थोडी फट हवीच, हे मात्र विसरू नका.)

हा प्रयोग वर्गात करता येतो. एक मीटर लांब कागदी पट्टीवर सेंटिमीटरच्या खुणा करा. पुठ्ठ्याचे ५ सेंटिमीटर लांब असे २० तुकडे कापा. ० ते ९५ आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकून एकेक काढा. जो आकडा येईल तेथे तुकड्याचे डावे टोक ठेवा. आधीच्या तुकड्यावर तो चढत असेल, तर ती चिठ्ठी बाजूला टाका. चिठ्ठ्या संपेपर्यंत हे करा. नीट रचले तर २० तुकडे मावतात. या रीतीने साधारण १५च्या आसपास मावतील. वर्गातील पाच-सहा गटांनी प्रयोग करून सरासरी काढावी.

गडावरचा उपाय

आता माहूरकडे वळू. रेणुकामातेचे मंदिर डोंगरावर आहे. वर जाणारा रस्ता घाटाचा, माथ्यावरची सपाट जागा थोडी. साडेतीन शक्तिपीठांपैकी हे एक पीठ असल्याने नवरात्रात दूरदूरचे भाविक येतात. तेव्हा खासगी वाहने खाली थांबवून भाविकांना एस.टी.च्या गाड्यांनी गडावर नेले जाते. सप्तशृंगी गडावरही नवरात्रात अशीच व्यवस्था असते. तेथे वाहने खाली नांदुरी येथे थांबवतात. या व्यवस्थेचे कारण आपल्या सूत्रात सापडते.

एक बस उभी करायला समजा १२ मीटर लांब व साडेतीन मीटर रुंद, म्हणजे ४२ चौरस मीटर जागा लागते. एका दुचाकीला २ चौरस मीटर धरले, तर बसच्या जागेत २१ दुचाकी मावतात. परंतु बस मुक्काम करीत नाही. ५ मिनिटांत माणसे उतरवून ती परत फिरते. म्हणजे त्या एका जागेवर तासाला १२ बस लागू शकतात. दर बसमध्ये ५० माणसे धरली, तर तासाला ६०० माणसे उतरली. त्याच जागेवर २१ दुचाकी सकाळी येऊन उभ्या राहिल्या, तर दिवसभर तेवढ्यावरच भागवावे लागेल. सूत्रातील ‘म’ लहान केला की थोड्या जागेत मोठे काम होते.

स्टेशनालाही हेच लागू आहे. ठाणे स्टेशनाच्या पश्चिमेला बसगाड्यांसाठी स्टेशनाला जोडलेला उंच मार्ग आहे, त्याचा उपयोग यावरून समजेल. जे सोडायला येतात आणि लगेच परत जातात, त्यांचाही विचार करा. ६०० पैकी ६० जागा दहा मिनिटांच्या मुक्कामासाठी राखल्या, तर तेथे तासाला ३६० वाहने येऊन जाऊ शकतात.

नवा तळ बांधावा की नाही? बांधावा. नवी मुंबईत सिडकोने स्टेशनांबरोबरच वाहनतळाची जागा आखली, हे दूरदृष्टीचे काम होते. पण २,००० प्रवासी एकेकटे मोटारीने आले आणि दर मोटारीला साडेबारा चौरस मीटर दिले, तर २५,००० चौरस मीटर, म्हणजे सहा एकरांहून अधिक जमीन हवी. ये-जा करायच्या वाटा वेगळ्याच. बारा डब्यांच्या एका लोकलमध्ये गर्दीच्या वेळी याहून अधिक माणसे असतात. केवळ तळ वाढवून आपण लोकलशी बरोबरी करू शकणार नाही.

उलट एक स्वस्त उपाय पाहा. आपल्या उदाहरणात ८६० माणसे ८६० दुचाकींवर येत होती. त्यांतील ५२० जणांनी शेजाऱ्याशी जोडी जमवली, तर त्यांच्या २६० दुचाकी होतील. उरलेल्या ३४० मिळवा. बेरीज बरोबर ६००! एक वीटही न रचता सर्वांची सोय झाली.

जागा कोणाला?

‘जो आधी येईल त्याला जागा’ हा नियम वरवर न्यायाचा वाटतो. पण सव्वानऊला कोण येते? मुलांना शाळेत पोचवून कामाला निघालेली आई, दुपारपाळीचा कामगार, रुग्णाला इस्पितळात नेणारा मुलगा, पायाने अधू असलेला मनुष्य. हे लोक आळशी नाहीत. त्यांची वेळच उशिराची असते. ९ वाजता भरून जाणारा तळ त्यांना रोज नकार देतो. काही जागा उशिराच्या पाळीसाठी आणि अपंगांसाठी राखाव्यात का, शुल्क तासावर घ्यावे की दिवसावर, हे गावाने बसून ठरवायचे आहे. गणित तो निर्णय देणार नाही. मात्र कोणत्या नियमाने किती जणांची सोय होईल आणि किती जण बाहेर राहतील, हे ते आधीच सांगू शकते.

करून पाहा

१. तुमच्या शाळेच्या सायकल-तळावर एक दिवस पाहणी करा. तळ रिकामा असताना सुरुवात करा आणि पुन्हा रिकामा होईपर्यंत दर १५ मिनिटांनी सायकली मोजा. सरासरी काढा, ती झाली ‘स’. प्रत्येक सायकलीला चिठ्ठी बांधून येण्याची व जाण्याची वेळ लिहा. त्यावरून ‘द’ व ‘म’ काढा. स = द × म हे किती जवळ येते ते पाहा.

२. आठवडी बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेच्या दुचाकींचे क्रमांक दर १५ मिनिटांनी टिपा. एखादा क्रमांक लागोपाठ किती वेळा आला, यावरून त्या वाहनाच्या मुक्कामाचा अंदाज येतो. वाहतुकीचे अभ्यासकही या रीतीचा उपयोग करतात.

३. एका वाचनालयातून रोज सरासरी ३० पुस्तके बाहेर जातात आणि प्रत्येक पुस्तक सरासरी ८ दिवस वाचकाकडे राहते. कोणत्याही वेळी सरासरी किती पुस्तके बाहेर असतील? (उत्तर : २४०)

४. आपल्या ६०० जागांच्या तळावरील मुक्काम १० तासांऐवजी ५ तास झाला, तर दिवसाच्या १० तासांत किती वाहनांची सोय होईल? आणि सकाळची गर्दी त्यामुळे कमी होईल का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर १,२०० आहे. दुसऱ्या प्रश्नासाठी आवकेचा तक्ता पुन्हा पाहा आणि वर्गात चर्चा करा.

शिक्षकांना विनंती की पहिली पाहणी गणित व भूगोल या दोन्ही तासांत मिळून घ्यावी. मिळालेले आकडे फळ्यावर मांडून आलेख काढावा. तो आलेख ग्रामपंचायतीला किंवा नगरपंचायतीला दाखवता आला, तर मुलांच्या मोजणीचा गावालाही उपयोग होईल.